मनालीची स्कॉलरशिप कोणी खाल्ली?

चिखल्याच्या खाणीवर बायजाबाईनं सव्वीस वर्षं दगड निवडले. पुरुष माणसं खाली जमिनीच्या पोटात उतरायची, माल वर यायचा, आणि बायकांनी ढिगाशी बसून त्यातला चांगला मॅंगनीज एकीकडे, फालतू दगड दुसरीकडे करायचा. दिसायला सगळेच काळे. बायजाबाई दगड उचलायची, तळहातावर जरासा झेलायची आणि वजनावरून सांगायची, हा खरा, हा खोटा. तिचा ढीग साहेबानं कधी परत पाठवला नाही. याचा तिला अभिमान होता आणि तो रास्तच होता. भानगड एवढीच झाली, की रिटायर झाल्यावर निवडायला दगड उरले नाहीत, तेव्हा बाईनं माणसं निवडायला घेतली.

दूधवाला दुधात पाणी घालतो हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. तो कोणत्या नळाचं घालतो हे फक्त बायजाबाईला माहीत होतं. रेशनच्या दुकानात ती काट्याकडे अशी टक लावून बघायची की दुकानदाराचा हात आपोआप सढळ व्हायचा. गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्यालाच ते हलवून दाखवायला लावायची. नवरा यादोराव जिवंत होता तेव्हा हसायचा. म्हणायचा, "मी मेलो तरी तू डॉक्टरले म्हणशीन, पुन्हा एकदा तपासून पाहा गा."

तिचा कागदाचा एक कायदा होता. बायजाबाईला वाचता येत नव्हतं. म्हणून घरात कोणताही कागद आला की ती तो तीन जणांकडून वाचून घ्यायची. तिघांकडून वेगवेगळा, एकाला दुसऱ्याची खबर लागू न देता. तिघं एकच बोलले तर कागद खरा. यादोराव गेल्यावर कंपनीचे पैसे मिळाले, ते कागद तिनं असेच वाचून घेतले होते. लोक तोंडावर हात ठेवून हसायचे. पण ज्यांना ठेकेदाराचे दिवस आठवत होते ते हसत नसत. त्या दिवसांत अंगठा एका आकड्यावर लागायचा आणि हातात दुसराच आकडा पडायचा. बायजाबाईनं तसे सात वर्षं अंगठे दिले होते. हा कायदा तिनं तेव्हापासून केला होता आणि तो तिच्या खूप उपयोगी पडला होता.

या सगळ्या चाळणीतून एकच माणूस मोकळं सुटलं होतं. नात. मनाली.

मनाली म्हणजे अश्विनची, तिच्या एकुलत्या एक मुलाची पोरगी. भंडाऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या खोलीत राहायची. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा, तो तिच्या आईच्या, हर्षाच्या मोबाईलवर. पण हर्षाच्या हाती तो दोन मिनिटंही टिकत नसे. बायजाबाई तो काढून घ्यायची आणि मग अर्धा-पाऊण तास गप्पा चालायच्या. मेसच्या बाईनं आज वरणात मीठच टाकलं नाही. वॉर्डातली मोठी सिस्टर कोणावर खेकसली. "आजी, आज पहिल्यांदा एका म्हाताऱ्याले सुई टोचली. माया हातच थरथरला. तं तोच मले म्हणते, भिऊ नको बेटा!" असं काहीतरी ऐकून बायजाबाई पदरात तोंड घालून हसायची. दिवसभर दुनियेवर डोळे वटारणारी ती बाई त्या अर्ध्या तासात वेगळीच दिसायची.

आता मुद्द्याचं. मनालीचं शिक्षण स्कॉलरशिपवर चाललं होतं. अश्विन खाणीच्या मालाचा ट्रक चालवायचा, तोही दुसऱ्याचा; फी भरण्याची ऐपत घरात नव्हती. पहिल्या वर्षी पैसे उशिरा आले, पण आले. दुसऱ्या वर्षीचा फॉर्म गावातल्याच चंद्रकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून भरला आणि त्यानंतर सगळं सामसूम. दिवाळी गेली, नवं वर्ष लागलं, पैशांचा पत्ता नाही. फेब्रुवारीत कॉलेजनं सांगितलं, वीस तारखेपर्यंत एकोणतीस हजार भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. फॉर्म गेला नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर पुढच्या वर्षीच्या स्कॉलरशिपचाही भरवसा नाही. म्हणजे पोरगी घरी येऊन बसणार, हे अश्विननं न बोलताही सगळ्यांना कळलं.

बायजाबाई चप्पल घालून तडक चंद्रकुमारकडे गेली. हा चंद्रकुमार शेतकऱ्याचा मुलगा, तिशीतला, गावातले सगळे ऑनलाइन कागद त्याच्याच हातून जायचे. त्यानं मनालीचा नंबर टाकला, खाली-वर करून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, पैसे तं जमा झाले ना. चौदा डिसेंबरलेच झाले. एकेचाळीस हजार दोनशे."

"कोठं जमा झाले?"

"मनालीच्या खात्यात. आधारले जे खातं जोडून असन त्यात."

"पोरगी तं म्हणते आले नाही."

"मंग तिले बँकेत इचारा म्हणा. इथं तं जमा दाखवून राहिलं."

बायजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. दोन महिन्यांपूर्वी जमा झालेले पैसे, ते कोणालाच न दिसता जातात कुठं? तिनं दुकानात नजर फिरवली. नवा इन्व्हर्टर. नवी काचेची केबिन. बाहेर नवीकोरी मोटरसायकल, तिच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. बाई तिथून निघाली. दुसऱ्या दिवशी नळावर हंडे लागलेले असताना, शेजारची शकुनबाई आणि इतर चार जणी ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाली, "लोकायच्या पोरीबाईचे पैसे खाऊन गाड्या घेऊन राहिले आजकाल. नाव कायले घेऊ मी? ज्याची गाडी त्याले माहीत."

नाव घ्यायची गरजच नव्हती. गावात महिन्याभरात गाडी एकानंच घेतली होती. तीन दिवसांत चंद्रकुमारच्या दुकानात गर्दी विरळ झाली आणि लोक फॉर्म भरायला शेजारच्या गोबरवाहीला जायला लागले. चौथ्या दिवशी तो स्वतः बायजाबाईच्या दारात आला आणि गाडीच्या कर्जाचा कागद तिच्यापुढे धरला. आवाज चढवला नाही. "वाचून घ्या कोणाकडूनही, आजी. मी कोणाचा एक रुपया खाल्ला नाही."

वाचून घेणार तर होतीच. कर्जाचा कागद नाही, तर स्कॉलरशिपचा. तिनं चंद्रकुमारकडूनच त्या कॉम्प्युटरवरच्या पानाची छपाई करून घेतली, वर त्याचे दहा रुपयेही दिले. मग ती शाळेच्या मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, जमा. ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरकडे गेली. तो म्हणाला, जमा. चंद्रकुमार आधीच म्हणाला होता, जमा. तीन माणसं, तिन्ही वेगवेगळी, एकच बोलत होती.

बायजाबाई कागदाची घडी हातात घेऊन ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसली. तिच्या कायद्याप्रमाणे कागद खरा ठरला होता. सरकारनं पैसे दिले होते आणि मनालीच्या खात्यातच दिले होते. म्हणजे खोटं बोलणारं आता एकच माणूस उरत होतं. तिनं तो विचार झटकून टाकायचा प्रयत्न केला. पण सव्वीस वर्षं जिनं एकही खोटा दगड लाडाकोडानं खऱ्या ढिगात जाऊ दिला नाही, ती आता नातीसाठी डोळे कसे मिटणार?

मग आठवायला लागलं, तसं सगळंच संशयाचं दिसायला लागलं. मागच्या महिन्यात दोन दिवस पोरीचा फोन उशिरा आला होता. फोनवर बोलता बोलता मागून कुणा पोराचा आवाज आला होता. पैशांचं विचारलं की ती म्हणायची, "येतीन आजी, सरकारी काम आहे." इतक्या आरामात कशी म्हणायची? तिला घाई का नव्हती?

शनिवारी मनाली घरी आली. पायात नवे पांढरे बूट होते. ते वॉर्डात सगळ्यांनाच घालावे लागतात, हे तिनं आल्या आल्या हर्षाला सांगितलंही. पण बायजाबाईला बूट तेवढे दिसले, कारण ऐकू आलं नाही. जेवणं होईपर्यंत ती थांबली. अश्विन हात धुवून खाटेवर टेकला तेव्हा तिनं कागद काढला आणि मनालीपुढे ठेवला.

"वाच."

मनालीनं वाचलं. "हो, माहीत आहे. मीही मोबाईलवर पाह्यलं. जमा दाखवते, पण माया खात्यात नाही ना आले, आजी. कॉलेजवाले म्हणतात, थांबा जरा. मी सोमवारी पुन्हा..."

"तीन जणायनं वाचला. तिघंही म्हणतात जमा."

"मंग?"

"मंग पैसे कोठं गेले?"

मनाली आधी हसलीच. आजी नेहमीसारखी कोणावर तरी घसरणार, असंच तिला वाटलं. मग तिनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"आजी, तू मले इचारून राहिली काय?"

"कोणाले देल्ले? त्या दिवशी फोनवर तुया मागं कोण बोलून राहिला होता?"

"आई!" अश्विन खाटेवरून उठला. "काय बोलून राहिली तू?"

"तू चूप बस. मी तिले इचारून राहिली. हिशेब दे म्हणा मले. कोठं किती खर्च केले ते एकेक सांग."

मनालीनं मोबाईल काढला, तिचं भंडाऱ्याच्या बँकेतलं खातं उघडलं आणि आजीपुढे धरलं. हर्षानं वाकून आकडा वाचला. तीनशे बारा रुपये. बायजाबाई म्हणाली, "फोनात काहीबी दाखवता येते."

झालं. पोरगी रडली नाही, भांडली नाही. रात्री हर्षाच्या कुशीशी भिंतीकडे तोंड करून झोपली आणि रविवारचा मुक्काम टाकून सकाळच्या पहिल्याच गाडीनं गेली. जाताना आजीच्या पाया पडली. तेवढ्यानं बायजाबाईला जास्तच लागलं, कारण एरवी ती पाया पडत नसे, गळ्यात पडायची.

त्या संध्याकाळी साडेसातला फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला, तो हर्षाशी तीन मिनिटं बोलून बंद झाला. तिसऱ्या दिवशीही तसंच. बायजाबाई तोपर्यंत दारात बसून, आपल्याला फोनशी काही देणंघेणं नाही असं दाखवत होती. आतून जीव तीळ तीळ तुटत होता. चूक केली असेल पोरीनं, वयच तसं आहे. पण म्हणून वर्ष वाया जाऊ द्यायचं? अठरा तारखेला सकाळी तिनं मनाशी पक्कं केलं. पैसे आपण भरायचे. मग काय बोलायचं ते बोलू.

आणि बायजाबाईकडे पैसे होते. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मनाली सहावीत असताना शाळेनं पोरींची खाती काढायला सांगितली होती. तेव्हा अश्विन ट्रकवर आणि हर्षा बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी. म्हणून बायजाबाईच पोरीला घेऊन गोबरवाहीच्या बँकेत गेली आणि दोघींच्या नावानं खातं काढून आली. शाळा संपली, बाकीचे ते खातं विसरून गेले. बायजाबाई विसरली नाही. दर महिन्याच्या पेन्शनमधून पाचशे, कधी तीनशे ती त्यात टाकत राहिली. पासबुक तांदळाच्या कोठीत, तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. अश्विननं एकदा जुना ट्रक घेण्यासाठी पैशांचा विषय काढला होता, तेव्हापासून तर तिनं त्याच्यासमोर बँकेचं नावही काढलं नव्हतं. मुलावर भरवसा नव्हता असं नाही. पण सांगितलं नव्हतं हेही खरं. तिच्या अंदाजानं एकतीस हजार जमले होते. फी एकोणतीस. भागत होतं.

बँकेत गर्दी नव्हती. मशीननं तिचा अंगठा काही घेतला नाही. दगड निवडून निवडून त्या बोटांवरच्या रेषा कधीच झिजल्या होत्या. काउंटरवरच्या मॅडमनं शाईचा अंगठा घेतला, पासबुक छापलं आणि म्हणाली, "एकोणतीस काढले की उरतील त्रेचाळीस हजार दोनशे, मावशी."

"उरतीन दोन हजार," बायजाबाई म्हणाली.

"त्रेचाळीस. बहात्तर होते ना खात्यात."

बायजाबाई एकदम सावध झाली. टीव्हीवर तिनं हे ऐकलं होतं. खात्यात आधी कोणीतरी पैसे टाकतं, मग गोड बोलतं आणि होतं नव्हतं ते सगळं काढून नेतं. तिनं पासबुक ओढून घेतलं. "ते पैसे माये नोहोत. कोणं टाकले? काहून टाकले? काढून टाका तुमचे तुम्ही. मले माये एकतीस दाखवा."

मागे उभा असलेला एक माणूस हसला. मॅडमलाही हसू आवरेना. "अहो मावशी, लोक पैसे कमी झाले म्हणून भांडतात. तुम्ही जास्त झाले म्हणून भांडताय?"

"हसू नका. वाचून दाखवा कोणं टाकले ते."

मॅडमनं बोट ठेवून वाचलं. "चौदा डिसेंबर. एकेचाळीस हजार दोनशे. सरकारकडून आले आहेत. स्कॉलरशिप. मनाली कोण? तुमची नात? हे तिचेच आहेत."

बायजाबाई काउंटरची कड धरून उभी राहिली. मॅडम पुढं समजावत होती. सरकारी पैसे आधार नंबरावर येतात. ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं जातं, त्या खात्यात पडतात. "दिवाळीच्या सुमारास या खात्याला आधार जोडलंय तुमच्या नातीचं. तुम्ही जोडलं होतं का?"

जोडलं होतं. दिवाळीत ग्रामपंचायतीत बँकेचा माणूस बसला होता आणि म्हणाला होता, आधार जोडा, नाहीतर खातं बंद पडेल. बायजाबाई घाबरली होती. घरी येऊन तिनं मनालीच्या आधारची झेरॉक्स घेतली आणि फॉर्म पुढे केला. पोरीच्या हाताला मेंदी होती. तिनं दोन बोटांत पेन धरून विचारलं होतं, "हे कायचं आहे, आजी?" आणि बायजाबाईनं सांगितलं होतं, "राशनचं." पोरीनं न वाचता सही केली होती. दुसऱ्या कोणाला वाचायलाही दिलं नव्हतं.

बाहेर येऊन बायजाबाई बँकेच्या पायरीवर बसली आणि रडली. येणारे-जाणारे बघत होते. बघू दे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पोरगी खरं बोलत होती. पहिल्यापासून खरंच बोलत होती. खोटं बोलणारं माणूस एकच होतं आणि ते तांदळाच्या कोठीत पासबुक लपवून बसलं होतं.

घरी गेल्यावर तिनं पासबुक अश्विन आणि हर्षासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अश्विन बराच वेळ पासबुकाची पानं उलटत राहिला. मग ती नळावर गेली. शकुनबाई होती, त्या दिवशीच्या आणखी दोघी होत्या. त्यांच्यासमोर, त्या दिवशी बोलली होती तेवढ्याच मोठ्यानं बायजाबाई म्हणाली, "चंद्रकुमारनं काही खाल्लं नाही. पैसे मायाच खात्यात होते. मी खोटी पडली." तिथून ती दुकानात गेली. चंद्रकुमारला तोवर बातमी पोचलीही होती. त्यानं तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, "होते आजी असं. चहा घ्या." चहा पिताना तिला हलकं वाटलं. पोरगीही अशीच म्हणेल, होते आजी असं, असं तिला वाटून गेलं.

एकोणीस तारखेला ती अश्विनसोबत भंडाऱ्याला गेली. मनाली वॉर्डातून पांढऱ्या ड्रेसवरच धावत आली. बायजाबाईनं पैसे तिच्या हातात दिले आणि पासबुकाचं, राशनच्या खोट्या बोलण्याचं, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी चुकली, बाई. मले माफ कर."

मनालीनं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं झालं सापडले," ती म्हणाली. "माया तं जीवच टांगणीले लागला होता." मग ती फी भरायला खिडकीशी गेली. परत आल्यावर तिनं आजीला बसस्टँडपर्यंत सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली. रागाचा एक शब्द बोलली नाही. बायजाबाई गाडीत अश्विनला दोनदा म्हणाली, "पोरीनं मनात नाही ठेवलं काही." अश्विन खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. हर्षानं उचलला आणि लगेच सासूकडे दिला. "आई, तुमच्याशीच बोलाचं म्हणते." बायजाबाईनं दोन्ही हातांनी मोबाईल कानाला लावला.

"आजी, फीची पावती आईच्या फोनवर पाठवली. परीक्षेचा फॉर्मही गेला, त्याचीही पाठवली. उरलेल्यातले आता काही लागत नाही, लागले तं आधी इचारीन. आज बसस्टँडवर जायचे-यायचे वीस रुपये, पाण्याचे वीस. आणि मागच्या महिन्यात बूट घेतले होते सहाशे पन्नासचे, त्याचं बिल शोधून पाठवलं. कोणाकडूनही वाचून घे."

"मनाली," बायजाबाई म्हणाली, "बिलं नको पाठवू वो, माये बाई. मले कायले पाहिजे बिलं?"

"नाही आजी, असू दे. बरं असते."

रोज ज्या प्रश्नावर पोरगी दहा मिनिटं बोलायची, तो बायजाबाईनं विचारला. "आज काय होतं जेवाले?"

"वांग्याची भाजी," मनाली म्हणाली. "मेसची पावती महिन्याच्या शेवटी भेटते. भेटली का पाठवते."